बाज, बंडी आणि बोनेटखालची दांडी

प्रश्न : माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची जुनी हॅचबॅक आहे. कामासाठी पिंपळगाव राजाहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला नेहमी जावं लागतं. राजूर घाटात स्टिअरिंग फिरवलं की हात आधी वळतो आणि गाडी मागून वळते, असं वाटतं. पुतण्या म्हणतो, "काका, बोनेटखाली स्ट्रट बार टाका, स्प्रिंगा कडक बसवा, मग बघा रेसच्या गाडीसारखी वळते की नाही." खामगावचे मिस्त्री म्हणतात, "काही गरज नाही, पैसे पाण्यात जातील." गाडी कडक केल्यानं स्टिअरिंग खरंच सुधारतं का? आणि सुधारत असेल, तर कंपनीच गाडी तशी करून का देत नाही?
— एक वाचक, पिंपळगाव राजा (ता. खामगाव, जि. बुलढाणा)

उत्तर : पुतण्या खोटं बोलत नाही आणि मिस्त्रीही नाहीत. फरक एवढाच की पुतण्याच्या डोळ्यांपुढे सपाट ट्रॅकवरची गाडी आहे आणि मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे तुमची. शिवाय 'कडक' या एका शब्दात तुमच्या प्रश्नातल्या दोन निराळ्या गोष्टी बसल्या आहेत. त्या आधी सुट्या करू.

घरात जुनी लाकडी बाज असेल तर ती अंगणात टाका. सारवलेलं अंगण कधी तंतोतंत सपाट नसतं, तरी बाजेचे चारही पाय जमिनीला टेकतात. कारण तिचे सांधे सैल असतात, ती थोडी पिळते आणि जमिनीशी जुळवून घेते. आता तिथेच लोखंडी पलंग टाका. तो तीन पायांवर उभा राहील, चौथा अधांतरी, आणि बसलं की डुगडुगेल. म्हणजे सैल सांगाडा खडबडीत जमिनीला बरा. पण त्याच बाजेचं एक टोक धरून ती अंगणातून सरळ ओढत न्या. तुम्ही एकीकडे ओढता, ती तिरकी होत दुसरीकडे येते. तुमच्या हाताची आज्ञा मागच्या पायांपर्यंत पोचेपर्यंत वाटेतल्या सैल सांध्यांत निम्मी जिरलेली असते.

आपली बंडी याच अडचणीतली. तिला स्प्रिंग नाही. चाकाची लोखंडी धाव दगडावर चढली की हादरा आसातून थेट वर बसणाऱ्याच्या मणक्यात. मधे जो काही हादरा जिरतो तो लाकडाच्या सांध्यांत आणि दोरांच्या बांधणीत. बंडी कुरकुरते ती उगीच नाही, ते सांधे काम करत असतात. बैलाच्या चालीला ते पुरतं. ताशी ८० किलोमीटरला पुरत नाही.

मोटारीनं यावर तोडगा काढला तो असा : सांगाडा लोखंडी पलंगासारखा ताठ ठेवायचा आणि पलंगाच्या प्रत्येक पायाखाली स्वतंत्र स्प्रिंग द्यायची. आज्ञा पाळायचं काम ताठ सांगाड्याचं, जमिनीशी जुळवून घ्यायचं काम लवचीक पायांचं. पुतण्या 'स्ट्रट बार' म्हणतो तेव्हा तो पलंग ताठ करायला सांगतो, आणि 'कडक स्प्रिंगा' म्हणतो तेव्हा पाय ताठ करायला सांगतो. पहिली गोष्ट फारशी कुणाला बाधत नाही. दुसरी आपल्याकडच्या रस्त्यांवर अंगाशी येऊ शकते.

सांगाडा ताठ कसा होतो?

याचा प्रयोग काडेपेटीवर करता येतो. आतली काड्यांची खोकी बाहेर काढा आणि तिची दोन टोकं विरुद्ध दिशांना पिळा. सहज पिळते. आता ती बाहेरच्या कवचात घालून पिळा. कागद तोच, पुठ्ठा तोच, पण पिळायला पुष्कळ जोर लागतो. वरून उघडं खोकं पिळाला दुबळं असतं आणि चारही बाजूंनी बंद नळी दणकट असते.

जुन्या गाड्यांचं चेसिस शिडीसारखं असायचं : दोन लांब लोखंडी दांडे आणि मधे आडवे. ट्रकमध्ये आजही तसंच असतं, आणि आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या बोलेरोतही. शिडी वाकायला दणकट, पण पिळायला उघड्या खोक्याच्याच जातीची. म्हणून १९२२ मध्ये इटलीच्या लान्सिया कंपनीनं 'लाम्डा' गाडीत बॉडीलाच भार उचलायला लावलं. वेगळं चेसिस उरलंच नाही. तुमच्या हॅचबॅकची घडण त्याच वाटेची आहे. छत, खांब, तळ आणि दाराखालच्या पेट्या मिळून एक बंद कवच बनतं. त्याला मोनोकॉक म्हणतात.

शर्यतीच्या जगात हा विचार टोकाला नेला तो इंग्लंडच्या कॉलिन चॅपमन यांनी. १९६२ ची त्यांची 'लोटस २५' ही फॉर्म्युला वन गाडी ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट करून बनवलेल्या कवचाची होती. त्याआधीच्या नळ्यांच्या सांगाड्यापेक्षा ती सुमारे तिप्पट कडक होती आणि सांगाडा हलकाही होता. पुढच्याच वर्षी जिम क्लार्क हे त्या गाडीवर जगज्जेते झाले. पण तुमच्या पुतण्याला सांगण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सांगाडा एवढा ताठ झाल्यावर चॅपमन यांनी स्प्रिंगा आणखी कडक केल्या नाहीत. त्या मऊ ठेवल्या. सांगाडा पिळेनासा झाला की चाकांचं काम एकट्या सस्पेन्शनकडे येतं, आणि मग सस्पेन्शनला मऊपणा परवडतो.

ताठ सांगाड्याचं हेच तत्त्व आपल्याला जवळ बघायचं असेल तर इंदूरशेजारच्या पिथमपूरला जा. तिथं २००७ मध्ये 'बाहा' ही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. पोरं नळ्या जोडून खडकाळ वाटेवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः बांधतात. त्या पिंजऱ्याकडे नीट पाहिलं तर सगळीकडे त्रिकोण दिसतील. चौकोन कोपऱ्यात ढकलला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. शेताच्या फाटकाला आपण कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी पट्टी मारतो, ती याचसाठी.

मग बोनेटखालची दांडी काय करते?

बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डाजवळ पत्र्याचे दोन उंचवटे दिसतात. पुढच्या शॉकअपची वरची टोकं तिथं बोल्टनं आवळलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकावर भार वाढतो, तो उंचवटा किंचित आत ढकलला जातो आणि चाकाचा कल मिलिमीटरच्या अंशानं बदलतो. स्ट्रट बार म्हणजे हे दोन उंचवटे एकमेकांना बांधणारी आडवी दांडी. फाटकाच्या पट्टीचीच बहीण.

ती उपयोगी असते का? असते, पण बाकीची साखळी किती कडक आहे त्यावर. जोरात ओढल्यावर साखळी कितपत ताणली जाईल हे तिची सगळ्यात मऊ कडी ठरवते. एक उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, बॉडी एक अंश पिळायला १०,००० न्यूटन-मीटर जोर लागतो आणि पुढचं सस्पेन्शन गाडी एक अंश कलू द्यायला ५०० न्यूटन-मीटर घेतं. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखी असल्यानं मिळून कडकपणा भरतो ४७६. आता दांडी टाकून बॉडी १० टक्के कडक झाली असं धरा, म्हणजे ११,०००. एकूण कडकपणा होतो ४७८. अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. हाच हिशेब ३,००० न्यूटन-मीटरच्या शर्यतीच्या सस्पेन्शनला लावा. तिथं तोच आकडा २,३०८ वरून २,३५७ वर जातो, म्हणजे दोन टक्के. जिथं सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडण असतं तिथं दोन टक्के मोलाचे. बुलढाण्याला कामाला जाणाऱ्याला ते हाताला लागणार नाहीत.

म्हणून मिस्त्रींचं म्हणणं इथं बरोबर आहे. तरी हौसेनं दांडी टाकायचीच असेल तर दोन गोष्टी बघा. ती एकसंध आणि सरळ असावी. टोकांना बिजागरीसारखा सांधा असेल किंवा इंजिन चुकवायला मधेच मोठं वाकण असेल, तर ती दांडी शोभेची समजा. बिजागरीवर बसवलेली फाटकाची पट्टी फाटक कसं सांभाळणार?

स्प्रिंगा कडक केल्या तर?

एक गैरसमज असा की कडक स्प्रिंगांनी वळणावर बाहेर जाणारा भार कमी होतो. होत नाही. १,००० किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच, दोन चाकांमधलं अंतर १४५ सेंटिमीटर, आणि वळण इतकं जोराचं की वजनाच्या निम्म्या बळानं गाडी बाहेर ओढली जाते. अशा वेळी आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार सुमारे १९० किलो. या हिशेबात स्प्रिंग कुठंच येत नाही. कडक स्प्रिंग गाडीचं कलणं कमी करते, भार लवकर पोचवते, आणि तो पुढच्या व मागच्या चाकांत कसा वाटला जावा हे बदलते. बस.

ही वाटणी मात्र नाजूक असते. पुढचं टोक जास्त कडक केलं तर पुढची चाकं आधी घसरतात : स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ बघते. मागचं जास्त कडक केलं तर मागचं टोक सुटतं आणि गाडी स्वतःभोवती फिरू बघते. घाटात दरीच्या बाजूला दुसरा प्रकार अधिक भयानक. म्हणून कंपन्या साध्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकाराकडे झुकलेल्या ठेवतात. घाबरलेला माणूस सहसा ॲक्सिलरेटर सोडतो, आणि तेवढ्यानं पुढची चाकं पुन्हा पकड घेतात. कंपनी तशी का देत नाही, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

गाडीचं कलणं कमी करायचा सभ्य उपाय म्हणजे स्टॅबिलायझर बार, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर हा बार काही करत नाही. एक वर आणि एक खाली गेलं की तो पिळला जातो आणि विरोध करतो. त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ चा टाकला तर वाढ १० टक्के नव्हे, ४६ टक्के होते. म्हणून 'थोडा जाड टाकून बघू' हे वाटतं तितकं थोडं नसतं. तुमच्या हॅचबॅकच्या मागे बहुधा दोन्ही चाकांना जोडणारा आडवा बीम असेल. तो मुद्दाम पिळणारा बनवलेला असतो आणि स्टॅबिलायझरचं काम अंगभूतच करतो. त्याला कुणी पट्टी वेल्ड करून 'मजबूत' करायला निघालं तर हात धरा.

आता आपले रस्ते. खामगाव-नांदुरा-मोताळा पट्ट्यात बरीचशी जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते. वर डांबर कितीही चांगलं घातलं तरी खालची जमीन दरवर्षी श्वास घेत असते, आणि रस्त्याला लाटा येतात. अशा लाटेवर मऊ स्प्रिंगचं चाक खाली उतरून जमिनीला धरून राहतं. कडक स्प्रिंगचं चाक क्षणभर अधांतरी होतं, तुमच्या अंगणातल्या लोखंडी पलंगाच्या चौथ्या पायासारखं. हवेतलं चाक ना वळवतं ना थांबवतं.

वाळवंटातल्या रॅलीचे लोक हे पुरतं जाणतात. पुण्याचे संजय टकले जानेवारी २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिक रॅलीत जुन्या घडणीची लँड क्रूझर घेऊन उतरले होते. अशा शर्यतीत गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवून कवच ताठ करतात, पण चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव ठेवतात. सांगाडा पलंगाचा, पाय बाजेच्या वळणाचे. तुमचा रस्ता ट्रॅकपेक्षा त्या वाळवंटाला जवळचा आहे, हे मी निराळं सांगायला नको.

स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी खाली बसवायचा एक स्वस्त प्रकार काही ठिकाणी चालतो. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, हे खरं. पण गाडीही खाली बसते, चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा कोन बिघडतो, आणि खड्ड्यात चाक उचललं गेलं की ते आपणहून थोडं वळतं. स्टिअरिंग सुधारायला निघालेल्या माणसाला स्टिअरिंग हातातून ओढणारी गाडी मिळते. वर खड्ड्यात आतला रबरी ठोकळा टेकला की स्प्रिंग संपली, मग बंडीच.

तर मग तुमचा हात आधी आणि गाडी मागून का?

हात ते रस्ता या वाटेतल्या कड्या मोजू. स्टिअरिंगचा दांडा, त्यातले सांधे, रॅक, टाय रॉड, टाय रॉड एंड, चाकाचं बेअरिंग, मग टायरची रबरी भिंत, आणि शेवटी रस्त्याला चिकटलेला तळहाताएवढा रबराचा तुकडा. टायर वळला की लगेच जोर लावत नाही. साधारण अर्धा मीटर पुढं सरकेपर्यंत त्याची भिंत पिळत जाते आणि मग पुरता जोर येतो. एवढा उशीर नव्या गाडीतही असतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, त्यामुळे हा वेळ सेकंदाचा विसावा भाग. तो आपल्याला जाणवतही नाही. तुम्हाला उशीर जाणवतो म्हणजे वाटेत आणखी काहीतरी ढिलं आहे.

बारा-तेरा वर्षांच्या गाडीत ते बहुधा रबर असतं. लोअर आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश कंपनीनं मुद्दाम मऊ दिलेले असतात, रस्त्याची थरथर आणि आवाज आत येऊ नये म्हणून. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे : सगळं कडक केलं तर गाडी तल्लख होईल, पण खामगावला जाऊन आल्यावर घरच्या मंडळींची हाडं खुळखुळतील. कंपनी मधला तोल शोधते. पण आपल्या उन्हात, धुळीत, खड्ड्यांत ते रबर वाळतं, चिरतं आणि मग चाक आपल्या जागेवरून पुढं-मागं सरकायला मोकळं होतं. अशा गाडीत नवी दांडी टाकणं म्हणजे फाटक्या पोत्याला नवी सुतळी बांधणं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी टायरमधली हवा, सकाळी गाडी चालवण्यापूर्वी, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी. टायर पाच-सहा अंश तापला की हवा साधारण एक पीएसआयनं वाढते, त्यामुळे दुपारी तापल्या टायरवर घेतलेलं माप फसवं. नंतर टायरचं वय आणि झीज. मग बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. मग शॉकअप आणि त्यांच्या वरच्या माउंटिंगचं रबर. हे सगळं बदलून झाल्यावर अलाइनमेंट. आधी करू नका, सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. एवढं झाल्यावरही मन भरलं नाही तर पुतण्याच्या दांडीचा विचार करा.

कायद्याचंही एक वाक्य. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं आहे. कंपनीच्या मापाचे बुश आणि शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. बॉडीला पट्ट्या वेल्ड करणं ही दुरुस्ती नव्हे. आजच्या गाड्यांत ठरावीक जागी खास कडक केलेलं पोलाद असतं, वेल्डिंगच्या आचेनं त्याचा कस जातो. आणि धडक बसली की पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरडून माणसाला वाचवावा, अशी त्याची रचना असते. तिथं नको तेवढा ताठपणा आणला तर धक्का पुढं कुणाच्या छातीत जाणार, हे सांगायला नको.

शेवटी, सैल कडी शोधायची एक बिनखर्चाची रीत. सपाट जागी गाडी उभी करा. चारही चाकं जमिनीवर असू द्या, जॅक लावू नका. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन बंद. पुतण्याला स्टिअरिंगवर बसवा आणि त्याला ते दोन-दोन बोटं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायला सांगा. तुम्ही पुढच्या चाकाशेजारी बसा, हात बाहेरच ठेवा, आणि बॅटरीच्या उजेडात नजर रॅकपासून चाकापर्यंत नेत चला. एक भाग हलतोय आणि त्याला जोडलेला पुढचा भाग जागीच आहे, किंवा 'टक' असा आवाज येतोय, असं जिथं सापडेल तिथं खडूची खूण करा. मग जागा बदला, तुम्ही स्टिअरिंगवर आणि पुतण्या चाकापाशी. ती खूण त्याला स्वतःला दिसली की स्ट्रट बारचा विषय बहुतेक तोच मिटवेल. आणि तुम्ही खामगावला जाल तेव्हा मिस्त्रींना "स्टिअरिंग ढिलं वाटतं" असं मोघम सांगावं लागणार नाही, खडूची खूण दाखवता येईल.